होणाऱ्या व्याह्यांना जिंकू देताना

घोड्यांच्या बाजारात मुलगी दाखवायची नाही, असं माझ्या आईने सांगितलं आणि सारंगखेड्याची यात्रा बाद झाली. माझ्या आईचं नाव बदामबाई, आणि आमच्या घरात तिने बाद केलेली गोष्ट पुन्हा पानात वाढत नाहीत. तिचं म्हणणं असं, की जिथे लोक घोड्याचे दात बघतात, चाल बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात, त्याच गर्दीत आमच्या आयुषीला कोणी बघू नये. मला ते ताबडतोब पटलं. यात्रेची कल्पना माझीच होती, एवढं मात्र मी बोललो नाही.

आमच्या जैन समाजात पहिली भेट ही भेट नसते, हे आधी सांगायला हवं. मुलाकडचे आणि मुलीकडचे एखाद्या ठिकाणी सहज जातात. तिथे सहज गाठ पडते. तुम्ही इथे कसे, काही नाही, सहज, असं बोलणं होतं आणि तेवढ्यात मुलगा-मुलगी एकमेकांना सहज बघून घेतात. जमलं तर पुढचं सगळं रीतसर. नाही जमलं तर काही घडलंच नव्हतं असं म्हणायला दोन्ही घरं मोकळी. पद्धत फार शहाणपणाची आहे. तिच्यात खोट एवढीच, की शहाद्यात सहज जाण्यासारखी ठिकाणं फार थोडी. मंदिराच्या धर्मशाळेत आम्ही सहज जाऊन आलो होतो. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलातही गेलो होतो. दोन्ही वेळा आम्ही घरी पोचायच्या आधी गल्लीला कळलं होतं, की रूपचंदच्या पोरीचं जमलं नाही.

न जमण्याचं कारण आयुषीचं रूप नव्हतं आणि शिक्षणही नव्हतं. ती एम. कॉम. आहे, माझ्या साड्यांच्या दुकानाचे सगळे व्यवहार तीच बघते. कारण म्हणजे तिचं तोंड. मागच्या खेपेला मुलाचे वडील जीएसटीविषयी काही समजावत होते, तर हिने अगदी नम्रपणे त्यांना सांगितलं की काका, तसं नसतं. तसं नव्हतंच. पण मुलीकडच्यांनी बरोबर असायचं नाही, हा साधा नियम मी तिला इतक्या वर्षांत शिकवू शकलो नाही. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणींची लग्नं याच नियमावर केली. व्याही पावसाळ्याला उन्हाळा म्हणाले तर वडील पंखा लावायचे.

तर या वेळी स्थळ आणलं छगनलालने. हा माझा शेजारी. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, पण मन सोयरिकींत. मुलगा नंदुरबारचा, नाव अरिहंत. वडील महावीरजी, डाळमिल, मोठं घर, मोठा दरारा. भेटीची जागाही छगनलालनेच शोधली. स्टँडजवळ फलक लागला होता: ‘व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचा मेळावा. नवे गेम, नवे कन्सोल. या आणि खेळून बघा.’ गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात. छगनलालचं म्हणणं, आपल्यातलं कुत्रंसुद्धा तिकडे फिरकणार नाही, इतकी सहज जागा पुन्हा मिळायची नाही. मी विचारलं, पण आपण तिथे सहज कसे? तो म्हणाला, चाहते म्हणून.

गोष्ट गुप्त असल्यामुळे सल्ला द्यायला सगळी गल्ली आली. समोरच्या प्रतिभाताई शिक्षिका आहेत. त्यांनी मला सांगितलं, की पांढरा सफारी घालून चाहता दिसता येणार नाही, टी-शर्ट घाला, त्यावर काहीतरी राक्षस वगैरे असेल तर उत्तम. किराणावाल्याने चार गेमची नावं पाठ करून जा म्हणून सांगितलं. मी ती गल्ल्यावर बसून पाठ करू लागलो आणि एका गिऱ्हाइकाला नऊवारीऐवजी एका गेमचंच नाव घेऊन ते दाखवू का म्हणून विचारून बसलो. रात्री झोप येईना. छातीत धडधडायचं. बायको म्हणाली, गॅस असेल, ओवा खा. पण मला माहीत होतं, की हे ओव्याने जाणारं नाही.

त्यातून मेळाव्याच्या दिवशी सकाळी निघताना आयुषीने बूट घालता घालता शांतपणे सांगितलं, “पप्पा, ही शेवटची. यानंतर मी कुणासमोर सहज जाणार नाही. दुकान सांभाळीन, तुम्हाला सांभाळीन.” ती चिडली असती तर मी चिडलो असतो आणि विषय संपला असता. पण ती चिडली नव्हती. ती शेवटची म्हणाली म्हणजे शेवटची. मी मनातल्या मनात नवकार मंत्र म्हटला आणि ठरवलं, की आज काय वाटेल ते होवो, महावीरजींच्या शब्दाला शब्द लावायचा नाही. ते म्हणतील तसं. ते जिंकतील तसं.

पहिला घोटाळा फाटकातच झाला. कार्यालयाचा रखवालदार फुलसिंग काठी आडवी धरून उभा होता. त्याने गाडीत डोकावून माझा सफारी पाहिला (राक्षसाचा टी-शर्ट माझ्या मापात मिळाला नव्हता), बायकोची जरीची साडी पाहिली, आईच्या हातातली माळ पाहिली, आणि विचारलं, “पोऱ्याकडला का पोरकडला?” म्हणजे मुलाकडचे की मुलीकडचे. मी म्हटलं, आम्ही गेमकडचे. फुलसिंग म्हणाला, तसली बाजू इथे नसते. उजवीकडे सावलीत मुलाकडच्या गाड्या, डावीकडे उन्हात मुलीकडच्या, ही या कार्यालयाची रीत, मालकाने बदला म्हणून सांगितलेलं नाही. मी समजावतो आहे, तो ऐकत नाही, आणि मागे एक मोठी गाडी हॉर्न वाजवते आहे. त्या गाडीतून भारदस्त आवाज आला, “मुलाकडचे आहोत, वाट द्या.” सवयीने बोलून गेले असणार. महावीरजी होते. त्यांना सावली मिळाली. मी उन्हात गाडी लावली, आणि आता निदान त्या फाटकापुरतं काहीही सहज उरलं नव्हतं.

आत जिथे नवरा-नवरी बसतात तिथे मोठमोठे पडदे आणि पंगतीच्या हॉलमध्ये कन्सोलची टेबलं. सगळीकडे कॉलेजची पोरं. कुणी चंदेरी कागदाची तलवार घेतलेली, कुणी निळे केस केलेले. त्यात आमची आणि महावीरजींची अशी दोन घरं, एकमेकांपासून चार हातांवर, एकमेकांना न ओळखता उभी. छगनलाल मधे उभा राहून दोन्हीकडे भुवया उडवत होता. शेवटी महावीरजी म्हणाले, तुम्ही इथे कसे? मी पाठ केल्याप्रमाणे म्हटलं, सहज, मी चाहता आहे. ते म्हणाले, मीही. मग आम्ही दोघंही गप्प झालो, कारण कशाचे चाहते हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

मेळावा भरवणारा योगेंद्र कळसाडीचा. वडिलांचा ऊस आणि याचे कन्सोल. त्याला आमच्या भानगडीचा पत्ता नव्हता. त्याने सगळ्यांच्या मनगटांना रंगीत पट्ट्या बांधल्या, आईच्यासुद्धा, आणि आम्ही भिंतीलगत खुर्च्या शोधायला लागलो तसा म्हणाला, “काका, आठे नुसतं देखाले कोणी येत नही. खेळनं पडी.” म्हणजे इथे नुसतं बघायचं नाही, खेळावंच लागेल. आयुषी आणि अरिहंत मात्र ठरल्याप्रमाणे शेजारशेजारच्या टेबलांवर सहज जाऊन बसले. मला मुलगा पहिल्यांदा नीट दिसला. गोरा, हसरा, चष्मा. पण उंचीला, कसं सांगू, दोघं उभी राहिली तेव्हा त्याचं डोकं आयुषीच्या कानाशी आलं.

इतक्यात योगेंद्रने माझ्या डोक्यावर एक नवीन यंत्र चढवलं. डोळ्यांवर जाड चष्मा, कानांवर डबे. एका क्षणात मंगल कार्यालय नाहीसं झालं आणि मी एका उंच इमारतीच्या टोकाला फळीवर उभा. खाली पाहिलं तर मोटारी मुंग्यांएवढ्या. बाजूला बायको उभी आहे हे मला माहीत होतं, म्हणून धीर यावा यासाठी मी तिच्याशी बोलायला लागलो. कानांवर डबे असले की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कुजबुजतो आहे असं मला वाटत होतं. मी म्हणालो, अगं, मुलगा चांगला आहे, पण जरा बुटका वाटतो ना? उत्तर आलं नाही. मी म्हटलं, बापावर गेलाय.

छगनलालने यंत्र उपसून काढलं तेव्हा सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी कुजबुजलो नव्हतो. पलीकडच्या पडद्यावरची लढाईसुद्धा थांबली होती. बायकोने पदर तोंडाला लावला होता. महावीरजी आपल्या उंचीच्या मानाने फारच ताठ उभे होते. आयुषी खाली मान घालून टेबलाकडे बघत होती, आणि मला वाटलं, झालं, पोरीच्या शेवटच्या संधीवर बापाने पाणी ओतलं. त्या फळीवरून खरोखरच खाली पडलो असतो तर बरं झालं असतं.

छगनलाल हुशार माणूस. तो म्हणाला, दोघा बापांनी एखादा खेळ समोरासमोर खेळा, मन मोकळं होतं. आणि माझ्या कानात म्हणाला, हरा. मी म्हटलं, ते काय सांगायला पाहिजे?

पण खेळ कुठला? महावीरजींनी अट घातली, की जीवहिंसा नको. योगेंद्रने डोकं खाजवलं. बंदुकीचे गेम बाद. तलवारीचे बाद. एका गेममध्ये मेलेली माणसं चालून येतात आणि त्यांना मारायचं असतं. ती आधीच मेलेली असल्यामुळे चालतील का, यावर छगनलालने थोडा विचार केला, पण आईने माळ थांबवून नाही म्हटलं. मासे धरायचा एक होता, त्याचं नावच काढू दिलं नाही. शेवटी योगेंद्रने शेतीचा गेम लावला. बैल, विहीर, हिरवंगार रान. सगळ्यांना हायसं वाटलं. महावीरजींनी कंट्रोलर हातात घेतला, एक बटण दाबलं, आणि पडद्यावरच्या शेतकऱ्याने जमिनीतून भला मोठा बटाटा उपटला. आमच्याकडे जमिनीखालचे कंद खात नाहीत, उपटणं तर दूरच. महावीरजींच्या पत्नीने डोळे मिटले. महावीरजींनी कंट्रोलर खाली ठेवला, पडद्याला हात जोडले आणि मिच्छामि दुक्कडम् म्हणून क्षमा मागितली.

मग निघाला बदकांचा खेळ. तळ्याच्या मधोमध एक ओंडका, त्यावर दोन जाडी बदकं, एक निळं, एक पिवळं. एकाने दुसऱ्याला ढकलून पाण्यात पाडायचं. पडलेलं बदक पोहत परत येतं. आईने बराच वेळ पडद्याकडे बघून निवाडा दिला, की बदकाला पाण्यात ढकललं तर त्याला बरंच वाटतं, खेळा. महावीरजी निळं, मी पिवळं. मी मनात म्हटलं, रूपचंद, फक्त उभं राहायचं आहे. दगडालाही जमेल एवढंच काम आहे.

मी उभा राहिलो. निळं बदक पाठ करून भलत्याच दिशेला चालत गेलं आणि आपणहून पाण्यात पडलं. मी जिंकलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घाईघाईने माफी मागितली. महावीरजी म्हणाले, चालायचंच, बटणं समजून घेत होतो.

पुढच्या डावात मी ठरवलं, की आपणच उडी मारावी. उडीचं बटण कुठलं हे माहीत नसल्याने एक लाल बटण दाबलं. पिवळ्या बदकाने पंख पसरले, हवेत गिरकी घेतली आणि निळ्याच्या छातीत अशी धडक दिली, की ते पडद्याच्या बाहेर गेलं. योगेंद्र ओरडला की हा डाव आपल्यालाही महिनाभर जमला नव्हता. मी घाबरून दुसरं बटण दाबलं. तर बदकाने शेपटी हलवली आणि पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या निळ्याला पुन्हा आत लोटलं. मी हात वर केले. तेवढ्यात घामाने कंट्रोलर निसटून माझ्या मांडीवर पडला, आणि मांडीने आणखी एक डाव जिंकला.

आता आमच्याभोवती गर्दी जमली होती. निळ्या केसांची पोरं माझ्या नावाने घोषणा देत होती. फुलसिंगसुद्धा फाटक सोडून आत आला होता आणि शेजाऱ्याला सांगत होता, “पोरकडला जिकी ऱ्हायना.” मुलीकडचा जिंकतोय. महावीरजींनी कोट काढून ठेवला होता. कपाळाची शीर दिसत होती. जो माणूस गेली तीस वर्षं नंदुरबारच्या बाजारात कुणापुढे नमला नव्हता, त्याला मी भर मंगल कार्यालयात, त्याच्या बायकोदेखत, पुन्हा पुन्हा तळ्यात बुचकळत होतो.

अरिहंत उठून वडिलांच्या मागे उभा राहिला आणि त्यांना बटणं समजावू लागला. तशी आयुषी माझ्या मागे आली. मी मान न वळवता तिला म्हटलं, की बेटा, हरायचं बटण कुठलं ते लवकर सांग.

“मला माहीत आहे,” ती हळूच म्हणाली. “पण सांगणार नाही.”

“का?”

“आज तुम्ही हरून दिलंत तर तिकडे मला रोज हरून द्यावं लागेल. मला नाही जमणार, पप्पा. खेळायचं तर नीट खेळा, नाहीतर उठू या.”

पावसाळ्यात पंखा लावून बसलेले माझे वडील मला एकदम आठवले, आणि माझ्या बहिणी आठवल्या, ज्या माहेरी आल्या तरी विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मला फार वाईट वाटलं. पोरीचा अभिमानही वाटला, पण अभिमान वाटण्याइतका वेळ नव्हता, कारण योगेंद्रने शेवटचा डाव पुकारला होता. मी सफारीच्या बाह्या वर सारल्या. खुर्ची पुढे ओढली. आयुष्यात पहिल्यांदा कुणा मुलाकडच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि जिंकायचं म्हणजे जिंकायचं असं ठरवून, जीव एकवटून, नेम धरून ते लाल बटण दाबलं.

पिवळं बदक गर्रकन वळलं आणि धाडकन पाण्यात पडलं.

टाळ्या थांबल्या. महावीरजींनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कंट्रोलर टेबलावर ठेवून त्यांनी कोट उचलला आणि तडक बाहेर निघून गेले. छगनलाल माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, की संपलं. बायको पाणी शोधायला गेली. आईची माळ जोरात फिरायला लागली. एवढ्यात महावीरजींचा ड्रायव्हर आत आला. साहेबांनी एकट्यालाच बोलावलंय म्हणाला.

महावीरजी कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो. त्यांनी बसा म्हटलं, तरी मी उभाच राहिलो. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, तेव्हा बसलो.

“रूपचंदजी,” ते म्हणाले, “माझ्या घरी पत्ते रोज होतात. बायको खेळते, मुलगा खेळतो, मुनीम खेळतो. मी कधीच हरत नाही. मी फार चांगला खेळतो अशातला भाग नाही. सगळे मला जिंकू देतात, आणि त्यांना वाटतं, मला कळत नाही.”

त्यांनी मनगटावरची रंगीत पट्टी बोटाने फिरवली.

“बाजारात तेच. व्याही म्हणून जी जी माणसं आजवर भेटली, त्यांचं तेच. मी काही म्हटलं की हो जी. फार कंटाळा येतो हो. तुम्ही आज मला तोंडावर बुटका म्हणालात, चारचौघांत पाण्यात पाडलंत, आणि पाडतच राहिलात. रागही आला. पण म्हटलं, हा माणूस सरळ आहे. याची मुलगीही सरळ असेल. आमच्या घराला अशीच पाहिजे.”

आतून आयुषीचा हसण्याचा आवाज आला. ती मोठ्याने हसत होती आणि अरिहंत तिला सांगत होता की हा डाव धरायचा नाही, पुन्हा खेळू. एवढ्या सहज भेटी झाल्या, त्यांतल्या एकीतही मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी ते उन्हामुळे आहे असं दाखवलं, पण ओट्यावर सावली होती.

महावीरजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “एकच सांगतो, राग मानू नका. शेवटचा डाव तुम्ही मुद्दाम हरलात. पोरगी कानात काहीतरी बोलली आणि लगेच हरलात, ते मी बघितलं. ते काही मला आवडलं नाही. सोयरीक करायची तर असं पुन्हा करायचं नाही.”

तो डाव मनापासून खेळलो म्हणावं, तर आधीचे कसे खेळलो ते सांगावं लागणार. आत दोन पोरं हसत होती.

“चूक झाली,” मी म्हटलं. “पुन्हा नाही होणार.”